गवतावरचा पहिला बर्फ

ख्राइस्टचर्चच्या आमच्या गणपतीत नवीन पाहुण्यांना ओळख करून देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. हे डॉक्टर, या फार्मासिस्ट, हे आयटीत, ते पुलांचे इंजिनियर. माझ्यापाशी आलं की ओळख करून देणारा क्षणभर अडखळतो आणि म्हणतो, "आणि या मीनाताई. या बर्फ पाडतात." पाहुणे हसतात, मीही हसते आणि प्रसादाची प्लेट पुढे करते. एका आजींनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, की अगं, तो आपोआप पडत नाही का? मी म्हटलं, पडतो ना, पण आपल्या सोयीने पडत नाही. आजींना ते लगेच पटलं. त्यांच्या मते त्यांच्या घरातही असंच एक माणूस होतं.

गेल्या वर्षी मी त्या कामातून निवृत्त झाले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या एका डोंगरी रस्त्यावर मी बारा हिवाळे काढले. रस्त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून माझेच लोक काम करतात आणि हल्ली कुठलाही मजकूर मोबाइलवर भाषांतर करून वाचता येतो. चौघांची आमची तुकडी. काम एकच. रस्त्यावरच्या कड्यांवर साचलेला बर्फ आज खाली येईल का, ते ठरवायचं. येईल असं वाटलं तर रस्ता बंद करायचा, जमल्यास तो बर्फ स्वतःच पाडायचा, साफ करायचा आणि रस्ता पुन्हा उघडायचा.

हे वाचायला सोपं वाटतं. बाहेरच्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हे, की आमच्या रस्त्यावर बहुतेक दिवस बर्फ नसतोच. खाली हिरवंगार जंगल, नेच्यांची गर्दी, धबधबे. पश्चिमेच्या समुद्रावरून वारा ओलं ढगांचं ओझं घेऊन येतो आणि पहिल्याच डोंगराला धडकून ते टाकून देतो. खाली पाऊस पडत असतो तेव्हा किलोमीटरभर वर तोच पाऊस बर्फ होऊन बदाबदा साचत असतो. समुद्राकाठचा हा बर्फ ओला आणि जड असतो. तो वरून सुटला की ज्या रस्त्यावर तुम्ही नेचे बघत उभे आहात तिथपर्यंत मिनिटाभरात पोचतो. त्यामुळे फाटकाशी थांबवलेला प्रवासी पहिल्यांदा आजूबाजूला बघतो, मग आमच्याकडे बघतो आणि आम्ही त्याला बनवतोय अशी त्याची खात्री होते.

गिऱ्हाईकं एकेक भेटली. भर जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर, पायांत जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून आलेला एक उंच मुलगा होता. त्याचं म्हणणं, खालच्या सँडफ्लाय माश्या चावतात त्यापेक्षा बर्फ परवडला. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं होतं. त्यांना मागे हिमस्खलन हवं होतं आणि त्यांच्या फोटोग्राफरला ते किती वाजता आहे हे कळलं तर उजेडाचं बघता येणार होतं. सगळ्यात छळलं ते किया नावाच्या पोपटांनी. हा पक्षी डोंगरातच राहतो, माणसाला घाबरत नाही आणि रबर दिसलं की त्याला राहवत नाही. आम्ही कड्यावर हवामानाचं यंत्र बसवलं की दुसऱ्या आठवड्यात त्याच्या वायरी सोललेल्या. एकदा मी स्वतः चार तास चढून वायर बदलली आणि डबा उघडून पोळीभाजी खात बसले, तर दोघे किया माझ्या पाठीमागे नव्या वायरीवर जेवत होते.

बर्फ तपासायचा म्हणजे आधी खड्डा खणायचा. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचे थर दिसतात. प्रत्येक वादळाचा एक. दर थराचं तापमान घ्यायचं, बोटाने दाबून कडकपणा बघायचा. मग भिंतीतून फावड्याएवढ्या रुंदीचा एक खांब मोकळा करायचा, त्याच्या डोक्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि वरून थापट्या मारायच्या. दहा नुसत्या मनगटाने, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून हात उचलून. खांब कितव्या थापटीला आणि कुठल्या थरावर घसरतो ते वहीत लिहायचं. मनगटाच्या थापट्यांतच घसरला तर त्या दिवशी डोंगराच्या नादी लागायचं नाही. तिसाव्या थापटीलाही हलला नाही तर बरं वाटतं. इतकं साधं आहे, फक्त ते वाऱ्यात, ओल्या हातमोज्यांनी आणि वरच्या उतारावर एक डोळा ठेवून करायचं असतं.

बर्फ पाडायचं काम हेलिकॉप्टरमधून. दार काढलेलं असतं, कमरेला पट्टा असतो, मांडीवर स्फोटकांची पिशवी. पायलट कड्याच्या माथ्याशी स्थिर राहतो, आपण वात पेटवायची, खाली टाकायचं आणि तिथून निघायचं. मी पुण्यात लहानपणी सुतळी बॉम्बच्या आवाजाला घाबरून गच्चीवरून घरात पळणारी मुलगी. पहिल्यांदा वात पेटवून सोडली. मग खाली धप्प आवाज झाला, कड्याच्या माथ्यावर एक रेघ उमटली आणि अख्खा उतार हळूच सरकायला लागला. मी त्या हेलिकॉप्टरमध्ये मराठीत ओरडले. काय ओरडले ते इथे छापण्यासारखं नाही. पायलटने नंतर त्याचा अर्थ विचारला, मी म्हटलं, देवाचं नाव घेतलं.

आमच्या तुकडीची खरी हत्यारं मात्र चार पुठ्ठ्याची कार्डं आणि चार पेन्सिली. रोज सकाळी साडेसहाला आम्ही टेबलाभोवती बसायचो. हवामान वाचून दाखवायचं, वह्या बघायच्या, पण मत बोलायचं नाही. प्रत्येकाने कार्डावर 'उघडा' किंवा 'बंद' लिहायचं, खाली कारण लिहायचं आणि कार्ड पालथं ठेवायचं. मग ती उलटायची, आणि पहिलं कार्ड तुकडीतल्या सगळ्यात नव्या माणसाचं. चारांत एक जरी 'बंद' निघालं तरी रस्ता बंद. त्या माणसाला समजावायचं नाही, मतं मोजायची नाहीत. ही पद्धत ग्रॅहमने घालून दिली होती. ग्रॅहम माझा पहिला साहेब, तीस वर्षं डोंगरात घालवलेला, उन्हाने नाक कायमचं सोललेला माणूस.

या पद्धतीची मी पहिल्याच हिवाळ्यात जी वाट लावली ती आपल्याकडचंच माणूस लावू शकतं. ग्रॅहम सव्वासहाला यायचा. मी त्याच्या आधी येऊन चहा टाकायचे, आलं घालून. त्याला तो फार आवडायला लागला होता. कप हातात देताना मी अगदी सहज विचारायचे, "सर, आज काय वाटतंय तुम्हाला?" तो बिचारा डोंगराकडे बघत मनातलं बोलायचा. मग मी टेबलावर जाऊन तेच माझ्या कार्डावर लिहायचे. यात मला काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. मोठ्या माणसाच्या पुढे पहिलं कार्ड उलटायचं आणि ते त्याच्याविरुद्ध निघायचं, याची मला कल्पनाच सहन होत नव्हती. 'सर' म्हणू नकोस असं त्याने दहा वेळा सांगितलं होतं. तेही मी "यस सर" म्हणून ऐकलं होतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तो चहा पिताना म्हणाला, आज उघडायला हरकत नाही. आदल्या दिवशीच्या माझ्या खड्ड्यात खांब मनगटाच्या चौथ्या थापटीला घसरला होता. मला रात्रभर त्याची चिंता होती. तरी मी टेबलावर बसले आणि कार्डावर 'उघडा' लिहिलं. कार्ड उलटलं. ग्रॅहमने आपलं उलटलं, त्यावर 'बंद' होतं. बाकी दोघांचीही 'बंद'. बाकीचे उठून गेल्यावर त्याने मला बसवून घेतलं.

"मीना," तो म्हणाला, "माझं मत माझ्याकडे आहे. मला तुझं हवंय."

आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं की मी नोकरी सोडते. तो हॉस्पिटलमधल्या औषधांच्या खात्यात असतो. त्याने शांतपणे विचारलं, की डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर मी तो साहेबांनी लिहिलाय म्हणून देऊ का? मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चहा बैठकीनंतर.

त्या तीन आठवड्यांत दोन सकाळी अशा होत्या की माझी वही 'बंद' म्हणत होती आणि मी 'उघडा' लिहिलं होतं. रस्ता उघडला, गाड्या गेल्या, काही झालं नाही. लोक म्हणतील मग बिघडलं कुठे. त्या दोन दिवसांतल्या गाड्या मला अजून आठवतात. एका गाडीच्या मागच्या काचेला लहान मुलाने नाक लावलं होतं. त्याला कधी कळणार नाही, आणि मला ते कधी विसरता येणार नाही.

ग्रॅहम निवृत्त झाला आणि तुकडी माझ्याकडे आली. पद्धत मी जशीच्या तशी ठेवली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी माझी चहाची गोष्ट सांगायचे, म्हणजे त्याची तरी भीड चेपावी. आता सांगते ती तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट.

त्या वर्षी नवा माणूस होता कॉलिन. नवा म्हणजे वयाने सत्तावन्न. आयुष्यभर डोंगरावर मेंढ्या राखलेल्या, मग ते रान पाइनच्या लागवडीला गेलं आणि हा रिकामा झाला. आम्ही त्याला घेतलं ते बर्फ ढकलणारं यंत्र चालवायला आणि अवजड सामान वाहायला. पण तुकडीत आला की कार्ड आलंच. बोलायला अत्यंत कंजूष. काही विचारलं की "येह, नाह" म्हणायचा, आणि त्यातलं कुठलं धरायचं ते आपण ठरवायचं. येऊन सहा आठवडे झाले होते आणि त्याचं कार्ड एकदाही आमच्यापेक्षा वेगळं निघालं नव्हतं.

त्याच सुमारास माझा दादा पुण्याहून आला होता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. सरकारी नोकरीत रस्ते बांधण्यात हयात गेली, घाटातल्या दरडी उपसण्यात नाव कमावलेला माणूस. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरातलं सगळं त्यानेच ठरवलं. मी भूगर्भशास्त्र घ्यावं हेही त्यानेच ठरवलं. ते चांगलंच निघालं हे मान्य, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मायेचा माणूस, पण विचारायची सवयच नाही. माझ्या नोकरीबद्दल त्याचं मत असं, की दरडीपेक्षा बर्फ बरा, निदान आपोआप वितळतो. दहा वर्षांत त्याने माझ्या कामाविषयी एक प्रश्न विचारला नव्हता. बाईमाणसाला पीएफ किती, एवढं त्याने नवऱ्याला एकदा विचारलं होतं.

ख्राइस्टचर्चच्या काही मराठी ज्येष्ठ मंडळींनी बस ठरवून आमच्या बाजूची सहल काढली. दादा आणि वहिनी त्यात होते. एकूण अडतीस माणसं. आदल्या संध्याकाळी दादाचा मुक्कामावरून फोन आला.

"मिने, उद्या तुझा रस्ता बघायला येतोय. उघडा ठेव."

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला आनंदाने झोप लागेना. दादा माझा रस्ता बघणार होता.

त्या आठवड्यात मोसमातला पहिला मोठा बर्फ पडला होता. गुडघ्याच्या वरपर्यंत. त्यावर एक दिवस ऊबदार पाऊस झाला, अगदी माथ्यापर्यंत. मग आभाळ निवळलं आणि रात्री कडाक्याची थंडी पडली. मी पहाटे खिंडीतल्या आमच्या नेहमीच्या जागी जाऊन खड्डा खणला. वरचा थर गोठून फरशीसारखा कडक. थापट्या मारल्या. तिसाव्यालाही खांब हलला नाही. बर्फ थोडा, गोठलेला, खाली नवं काही नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला असा थोडा बर्फ असला की आम्ही जरा सैल असतो. मी गाणं गुणगुणत खाली आले.

साडेसहाला टेबलावर बसलो. मी माझ्या कार्डावर लिहिलं, 'उघडा, रात्री गोठलाय.' सगळ्यांनी कार्डं पालथी ठेवली. कॉलिनने आपलं कार्ड उलटलं. मोठ्या, शाळकरी अक्षरात 'बंद' आणि खाली एकच शब्द, 'गवत'.

बाकी दोघांची कार्डं 'उघडा' निघाली. माझंही तेच.  नियमाप्रमाणे रस्ता बंद झाला होता. पण मी हेही लिहिलं पाहिजे की माझं तोंड उघडलं. मी म्हणाले, "कॉलिन, हे बघ, मी वर जाऊन आलेय, आणि गेली दहा..." एवढं बोलून मी थांबले, कारण तो आवाज माझा नव्हता. तो दादाचा होता, शब्द न् शब्द, खालच्या सुरासकट. कॉलिन कार्ड मागे घ्यायला हात पुढे करत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, काय बघितलंस?

मग तो जेवढं बोलला तेवढं त्यानंतर सबंध हिवाळ्यात बोलला नाही. म्हणाला, खिंडीत तुझा खड्डा खडीवर आहे. पण मोठ्या वळणावरचा कडा सगळा गवताचा. हे डोंगरी गवत गुडघाभर उंच असतं, आणि पहिला जड बर्फ पडला की ते उताराच्या दिशेने आडवं होतं, एखाद्याने तेल लावून विंचरल्यासारखं. मी तीस वर्षं असल्याच गवतावरून मेंढ्या खाली आणल्यात, त्यावर कुत्र्याचाही पाय ठरत नाही. जूनमध्ये जमीन अजून गरम असते. परवाचा पाऊस बर्फातून झिरपून खाली गवतावर साचलाय. आज येताना चांदण्यात गाडी थांबवून दुर्बिणीने बघितलं. इतकी थंडी असून कड्याखालची घळ वाहतेय. आणि कड्याच्या वरच्या अंगाला एक काळपट रेघ आहे, ती काल नव्हती.

 वरचा थर गोठला होता, तेवढंच मी बघितलं होतं. खालून पाणी वाहत असेल तर वरच्या गोठण्याला काही अर्थ नव्हता. तिरप्या केलेल्या ओल्या ताटातून खरवसाची वडी सरकते तसा तो अख्खा उतार एकदम सरकणार होता. हे मी पुस्तकात वाचलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. त्या सकाळी मला दादाला रस्ता दाखवायचा होता, म्हणून मला फक्त वरची फरशी दिसली.

असल्या बर्फाला बॉम्बही फारसा लागू पडत नाही. तो कधी तासाभरात येतो, कधी आठवड्याने, कधी नुसता वितळून जातो. आपल्या हातात फक्त फाटक लावणं. मी फाटक लावायला सांगितलं. कॉलिनला दुर्बीण आणि वायरलेस देऊन दरीच्या पलीकडच्या, धोका नसलेल्या उंचवट्यावर पाठवलं. मोठं वळण फाटकापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. ते त्याला समोर दिसत होतं.

बस दहाला पाच मिनिटं कमी असताना आली. निळंभोर आभाळ, कोवळं ऊन, पक्षी ओरडतायत, बर्फाचा मागमूस नाही. मी बसच्या पायरीवर उभी राहून मराठीत सांगितलं, की रस्ता बंद आहे. कधी उघडेल सांगता येत नाही, आज बहुधा नाहीच. सगळी बस एकदम बोलायला लागली. एक काका म्हणाले, आम्ही हिमालयात याहून मोठे बर्फ बघितलेत. एका काकूंनी डब्यातला गुळपोळीचा तुकडा माझ्या हातावर ठेवून विचारलं, की आपल्या माणसांसाठी काही होत नाही का गं. मी गुळपोळी खाल्ली आणि नाही म्हणाले.

दादा उतरून खाली आला. मला जरा बाजूला घेतलं.

"ऊन पडलंय. रस्ता कोरडा आहे. मी दरडीत रस्ते उघडे ठेवलेत, मिने. माझी माणसं आहेत बसमध्ये, उद्या परतायचंय त्यांना. तू इथली मुख्य आहेस ना? मग उघड."

"नाही उघडणार, दादा."

मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. त्याचा चेहरा असा झाला की मी ते परत घ्यायला तयार होते. फाटकाची किल्ली माझ्या खिशात होती. वीस मिनिटांचा प्रवास, वळण ओलांडायला अर्धं मिनिट. मनात आलं, अर्धंच मिनिट तर आहे. मग दादा बसकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, इथे आपलं कुणी ऐकणारं नाही." ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला रडू येत होतं आणि मी माझ्या लोकांसमोर रडणार नव्हते, म्हणून उगाच फाटकाचं कुलूप तपासत बसले.

मंडळी लगेच निघाली नाहीत. फ्लास्क निघाले, चहा झाला, फाटकापुढे फोटो झाले. सव्वादहा वाजले असतील. वायरलेस खरखरला आणि कॉलिनचा आवाज आला. अगदी रोजच्यासारखा.

"मीना, निघाला."

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग दरीतून एक जड आवाज येऊ लागला, खडीचे दहा ट्रक एकाच वेळी रिकामे करावेत तसा, आणि तो थांबेचना. पायाखालची जमीन थरथरली. झाडांवरचे पक्षी एकदम उडाले. काकूंच्या हातातला कप खाली पडला. आवाज थांबल्यावर कॉलिनने सांगितलं, अख्खा कडा उतरला, तळापर्यंत. वळण दिसत नाही. नदीपर्यंत गेलाय.

 दादाने घड्याळात बघितलं. मग फाटकाच्या आतल्या रस्त्याकडे बघितलं, परत घड्याळात बघितलं. इंजिनियर माणूस. बस कुठे असती हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो वहिनींच्या शेजारी जाऊन बसच्या पायरीवर बसला.

आणि मग एकदम सगळे माझ्याभोवती. हिमालयवाल्या काकांनी माझे दोन्ही हात धरले. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मीनाताईंनी वाचवलं, मीनाताईंनी अडतीस माणसं वाचवली. वहिनींनी मला मिठी मारली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. असं अर्धं मिनिट मी उभी राहून ऐकलं. मग मी सांगितलं, की थांबा. सकाळी माझ्या हाताने मी 'उघडा' लिहिलं होतं, तुकडीतल्या आणखी दोघांनीही. माझं चाललं असतं तर तुम्ही आता वळणावर असता. ज्याने 'बंद' लिहिलं तो माणूस आता येतोय.

अर्ध्या तासाने कॉलिन त्याच्या चिखलाने माखलेल्या यूटमधून, उघड्या हौद्याच्या गाडीतून, आला. मागच्या हौद्यात त्याने एक ढेकूळ आणलं होतं, त्या बर्फाच्या कडेवरचं. पांढरं कमी, तपकिरी जास्त. त्यात लांब पात्यांचं गवत मुळासकट रुतलेलं. सगळे त्याला हात लावून बघू लागले. काकूंनी त्याला गुळपोळीचा अख्खा डबाच दिला. तो लाजून म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इकडचं 'झकास', आणि खायला लागला.

दादा उठला. शर्ट सारखा केला. कॉलिनपाशी गेला आणि आपल्या सरकारी इंग्रजीत त्याने विचारलं, की तुम्ही इथे नवीन. ही तुमची साहेब. बाकीचे दोघेही तिच्या बाजूचे. मग तिच्याविरुद्ध लिहायचं धाडस तुम्हाला कसं झालं?

कॉलिनला प्रश्नच नीट कळला नाही. त्याने तोंडातला घास संपवला, माझ्याकडे बघितलं, परत दादाकडे बघितलं.

"तिने विचारलं होतं ना," तो म्हणाला.

 दादाने हौद्यातल्या गवताचं एक पातं उपटून बोटांत धरलं. बसमधली मंडळी सवयीने त्याच्याकडेच बघत होती. सहलीत कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, सगळं दोन दिवस तोच सांगत आला होता. ड्रायव्हरनेही त्यालाच विचारलं, की आता कुठे घ्यायची. दादा वळला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे ओले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

"मिने," तो म्हणाला, "आता आम्ही काय करायचं? तू सांग."

मी पंचावन्न वर्षांची होते. या माणसाने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून सांगितलं, की मागे फिरा. खाली एक धरण लागतं, त्याच्या बाजूने तळ्याकाठी जा, तिकडचे डोंगर आज ठीक आहेत, मी सकाळी बघितलेत. संध्याकाळी मी तिथेच जेवायला येते.

दादाने मान हलवली. बसच्या पायरीवर चढला, दांडा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, घाटात मजुरांना हाका मारायच्या त्याच्या जुन्या आवाजात म्हणाला, "चला, बसून घ्या. मागे फिरायचंय. मीनाने सांगितलंय."